कडुलिंबाच्या पाण्यातले मोजे

"दोन सुलट, दोन उलट. दोन सुलट, दोन उलट. टाका सांडू नको गं बाई, पाय कोणाचा आहे ठाऊक आहे ना?"

चोपन्न वर्षं झाली हा आवाज ऐकून. बावीस वर्षांची एक मुलगी स्वतःलाच दटावत होती. तिच्या मांडीवर हिरवट लोकरीचा गुंडा होता आणि बोटांत मी होते.

मित्रांनो, मी एक जुनी विणायची सुई आहे. दुकानातली नव्हे. मी आधी सायकलच्या चाकातली तार होते. पार्ल्याहून अंधेरीला कारखान्यात जाणाऱ्या एका माणसाला घेऊन मी रोज गरगरत होते. त्याचं नाव चंद्रप्रकाश. तो लेथवर काम करी. एका रविवारी त्याने मोडक्या चाकातून आम्हा चौघी तारांना काढलं, सारख्या लांबीचं कापलं आणि कानशीने दोन्ही टोकं घासून गुळगुळीत केली. मग आम्हाला आपल्या बायकोच्या ओंजळीत ठेवून तो म्हणाला, "घे सुलू. विकतच्या सुयांना तोंडात मारतील अशा झाल्यात."

सुलू म्हणजे सुलक्षणा. बावीस वर्षांची मुलगी ती हीच.

आमची चाळ विलेपार्ल्याच्या पूर्वेला होती. बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास वाऱ्याबरोबर आमच्या गॅलरीत येई. युद्ध सुरू झालं तेव्हाही तो वास येतच होता. तुम्ही युद्धाची चित्रं काढता ना, त्यांत रणगाडे असतात, झेंडे असतात. बिस्किटांचा वास कोणी काढत नाही. मला मात्र युद्ध म्हटलं की तो वास आठवतो, आणि खिडक्यांच्या काचांना चिकटवलेला काळा कागद. भोंगा वाजला की दिवे घालवायचे. मग रॉकेलच्या रांगेत कोणी कोणाला ढकललं यावरून अंधारात भांडायचं. चाळीतली माणसं तेव्हा शूर नव्हती. ती दमलेली होती आणि एकमेकांवर खेकसत होती.

घरात माणसं मोजकीच. सासू सरूबाई, कोकणातून सून म्हणून आलेली आणि इथेच म्हातारी झालेली. तिचा थोरला मुलगा जयवंत सैन्यात होता. उत्तरेच्या पहाडात टेलिफोनच्या तारा ओढायचं त्याचं काम. त्याची बायको सुगंधा, आणि त्यांचा तीन वर्षांचा राजेश. धाकटा मुलगा चंद्रप्रकाश आणि त्याची सुलक्षणा. दीड खोलीत एवढी माणसं. जावा एकमेकींना 'वयनी' आणि 'सुलू' म्हणत. भांडत, पण एका ताटात जेवत.

नोव्हेंबरात जयवंतचं पत्र आलं. सुगंधाला वाचता येत होतं, तरी तिने ते चंद्रप्रकाशकडून मोठ्याने वाचून घेतलं. खाली एक ओळ होती. 'सरकारी मोजे दोन जोड आहेत, पण ओले झाले की चार दिवस वाळत नाहीत. जमलं तर लोकरीचे मोजे धाडा.'

कोकणातल्या माणसांना लोकर काय ठाऊक? त्यांच्या गावी थंडी पडली तर गोधडीवर गोधडी घेतात. त्या घरात तोवर लोकरीची एकही वस्तू नव्हती. पण पार्ल्याच्या महिला मंडळात जवानांसाठी विणायला शिकवत होते. लोकर मोजून द्यायचे, माणशी दोन गुंडे. दोघी जावा गेल्या. सुलक्षणाचा हात चार दिवसांत बसला. सुगंधाचा बसेना. ती टाके इतके आवळी, की मला त्यांच्यातून बाहेर पडायला जीव नकोसा होई. शेवटी मंडळाच्या बाईंनी तिचे गुंडेही सुलक्षणाला दिले.

सुलक्षणाला तिच्या आईने जात्यावरच्या ओव्या शिकवल्या होत्या. आता जातं नव्हतं. तिने ओव्या माझ्यावर घातल्या.

टाका घालिते सुलट, टाका घालिते उलट
दीर माझा गं चालतो, वाट बर्फाची बिकट

मोजा लोकरीचा विणू, त्यात ऊब भरू किती
दिराच्या गं पायाखाली, मऊ होवो सारी माती

गॅलरीतून जाणाऱ्या बायका थांबत. टाच वळवायची वेळ आली तेव्हा तर सात-आठ जणी जमल्या. त्यांतली एक हसून म्हणाली, "सुगंधा, तुझी काळजी मिटली की गं! नवऱ्याचे पाय जाऊ सांभाळते, तू पोळ्या सांभाळ."

सगळ्या हसल्या. सुगंधाही हसली. पण मी तिच्याकडे टोक करून होते. मित्रांनो, असं हसू मी नंतर पुष्कळ पाहिलं. दात दिसतात, पण जबडा घट्ट असतो.

मोजे झाले. गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारे, जाड, मऊ. चंद्रप्रकाशने पाय घालून पाहिला आणि म्हणाला, "झकास! दादा बर्फात नाचेल." मग ते राजेशच्या अंथरुणावरच्या दोरीवर अडकवले. आम्हा चौघींना दुधाच्या रिकाम्या डब्यात घालून मोरीच्या कट्ट्यावर ठेवण्यात आलं. माझ्या आयुष्यातलं कौतुक तेवढंच. ते तिथे संपलं.

त्याच आठवड्यात राजेशला कांजिण्या आल्या.

आमच्याकडे कांजिण्यांना नुसतं दुखणं मानत नसत. देवी घरात आली म्हणत. फोडणी द्यायची नाही, मोठ्याने बोलायचं नाही. आणि अंघोळीच्या दिवशी कडुलिंबाचा पाला पाण्यात घालून घरातलं सगळं कापड त्यात उकळायचं. चादरी, झबली, पडदा, सगळं. नाहीतर कापडाला बिलगून देवी दुसऱ्या घरी जाते.

अंघोळीचा दिवस आणि पार्सलाचा दिवस एकच आला. संध्याकाळी पाचला जवानांची पार्सलं गोळा करणारी मंडळाची पेटी बंद होणार होती. सुलक्षणा सकाळी म्हणाली, "मोजे मी पाण्यातून काढते आणि पार्सलात घालते. वयनी, तुम्ही नुसती भाजणी बांधून ठेवा." आणि ती रॉकेलच्या रांगेत गेली. सरूबाई तिच्या आधीच देवळात गेली होती. राजेश झोपला होता.

आता मी सांगते ते नीट ऐका, कारण करणारीखेरीज हे पाहणारी मी एकटीच होते.

दुपारी सुगंधाने चादरी उकळून काढल्या. हंडा अजून स्टोवर खदखदत होता. ती दोरीकडे गेली, मोजे काढले, नाकाशी धरले. मग झोपलेल्या राजेशकडे पाहिलं. त्याच्या अंगावरच्या खपल्यांकडे पाहिलं. मोजे त्याच्याच डोक्यावर आठ दिवस लटकत होते. ती पुटपुटली, "हे दुखणं तिकडे गेलं तर? तिथे पाला कोण आणील? बघेल कोण त्यांच्याकडे?" आणि तिने मोजे उकळत्या पाण्यात सोडले. वर साबण किसून घातला. काठीने ढवळले, चोळले, पुन्हा ढवळले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा ती गुणगुणत होती. नवऱ्यासाठी अखेर काहीतरी तिच्या हातून होत होतं.

सुती कपडा उकळला की शुभ्र होतो. लोकर उकळली की काय होतं, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

काठीने बाहेर काढले तेव्हा ते मोजे राहिले नव्हते. राजेशच्या पायालाही बसले नसते एवढे आटले होते आणि चामड्यासारखे ताठ झाले होते. त्यांवर कडुलिंबाची चार पानं आणि न विरघळलेला साबणाचा कीस चिकटला होता. सुगंधाने ते दोन्ही हातांनी ओढले. दातांत धरून ओढले. मग तिने ते दोरीवर परत घातले आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

आधी सरूबाई आली. "ह्या काय झाला? कोणी केल्यान ह्या?" ती किंचाळली. "माझ्या झिलाचे, माझ्या जयवंताचे पाय उघडे पडले गो!" एवढ्यात सुलक्षणा रॉकेलचा डबा घेऊन दारात आली. तिने दोरीकडे पाहिलं. तिच्या हातातून डबा निसटला.

सुगंधा काही खोटं बोलली नाही. तिने फक्त मान वळवून विचारलं, "सुलू, पाणी कितीसं कढत होतं गं?"

बस्स. तेवढंच. सुलक्षणा सकाळी काय बोलली होती ते सगळ्यांना आठवलं.

"मी नाही," सुलक्षणा म्हणाली. "आई, मी आत्ता येतेय. मी हातसुद्धा लावला नाही."

"मग काय मोजे आपापले चालत हंड्यात गेले?" सरूबाई म्हणाली.

मंडळात लोकर उरली नव्हती. पार्सल मोज्यांविना गेलं. जानेवारीत लष्करी दवाखान्यातून पत्र आलं. गारठ्याने जयवंतच्या उजव्या पायाची तीन बोटं गेली होती.

तो चैत्रात काठी टेकत घरी आला. सुलक्षणाने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. त्याने तांब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि हाक मारली, "सुगंधा, पाणी दे." रागावला नाही, शिवी दिली नाही. पुढची चाळीस वर्षं त्याने सुलक्षणाच्या हातचं पाणी घेतलं नाही. बारा वर्षांपूर्वी तो गेला, तोही तसाच.

त्या दिवसानंतर सुलक्षणाने विणलं नाही. ओवीही म्हटली नाही. घराच्या मधोमध फळ्यांची भिंत उभी राहिली. आम्हा चौघींची वाताहत झाली. एकीने स्टोची भोकं साफ करता करता प्राण सोडला. एक खिडकीची कडी झाली आणि गंजली. एक मोरीच्या जाळीतून खाली गेली. मी विजारींत नाड्या ओवल्या. ढोकळा शिजला का ते पाहायला माझं टोक खुपसलं. एकदा कान खाजवायलाही माझा उपयोग झाला, पण ते जाऊ दे.

सरूबाई गेली, पुढे चंद्रप्रकाशही गेला. चाळ पडली, टॉवर उभा राहिला. बिल्डरने चिठ्ठ्या टाकल्या आणि नशिबाने दावा साधला. सातव्या मजल्यावर सातशे दोन आणि सातशे तीन, दार समोर दार. दोनमध्ये सुलक्षणा, तिचा मुलगा सुयोग आणि नात निधी. तीनमध्ये सुगंधा आणि राजेश. मधला पॅसेज पाच फुटांचा. तेवढ्या पाच फुटांत मी जे ऐकलं, ते सरहद्दीवर कोणी ऐकलं नसेल.

"काकी, तुमचा चपलांचा स्टँड आमच्या बाजूला दीड फरशी आलाय," राजेश म्हणे.

"सोसायटीत तक्रार कर. तुझ्या बापाला तरी दुसरं काय जमत होतं? नुसतं तोंड फिरवणं."

"बाबांचं नाव घेऊ नका हां! त्यांची बोटं खाल्लीत, तेवढं पुरे."

"खाल्ली! हो, खाल्ली! वालाच्या भाजीत घालून खाल्ली! तुला ठेवायची राहिली बघ!"

आणि आतून सुगंधाचा सावकाश आवाज, "राजेश, दार लाव. वास येतो."

पाहा, सुलक्षणा अशी झाली. ओव्या रचणारी जीभ ती हीच.

या डिसेंबरात निधीच्या आठवीच्या वर्गाला एक निबंध लिहायला दिला. मागच्या एखाद्या युद्धात सैनिकाचा आणि त्याच्या घरच्यांचा रोजचा दिवस कसा गेला असेल, याची कल्पना करून लिहा. खरी घटना असल्यास उत्तम. सोसायटीलाही हे कळलं. सोळा डिसेंबरला, विजय दिवसाला, खालच्या मंडपात सुगंधाचा सत्कार ठरला होता. जवानाची पत्नी म्हणून शाल, नारळ. सेक्रेटरी म्हणाले, निधीने आपलं लेखन तेव्हाच वाचावं. अख्खी बिल्डिंग येणार होती.

निधी वही घेऊन आजीपुढे बसली. "आजी, मोजे तू उकळलेस ना?"

"नाही."

"मग कोणी?"

"मला दिसलं असतं तर पन्नास वर्षं अशी बसले असते का? मी नाही, एवढं मला ठाऊक आहे."

"पण बाबा म्हणतात, आजी मान्य करत नाही इतकंच. राजेशकाका पण तेच म्हणतात."

"सुयोग म्हणतो?" सुलक्षणाचा आवाज एकदम खाली आला. स्वतःचा मुलगाही तसंच मानतो, हे तिला त्या दिवशी कळलं. तिने निधीची वही मिटली आणि ती म्हणाली, "निधी, तोंडी बोलतात ते मी सोसलं. तू लिहून काढलंस, मंडपात वाचलंस, की ते पक्कं होईल. मी मेल्यावरही राहील. माझं नाव घालू नकोस, बाळा."

"अगं, मी वाईट नाही लिहिणार. तू थांब ना. मी तुझ्या बाजूनेच लिहितेय."

सुलक्षणा उठली. कपाटातल्या नाड्यांच्या पिशवीतून तिने मला काढलं आणि निधीच्या वहीवर ठेवलं. "ही घे. ती त्या वेळी मोरीच्या कट्ट्यावर होती. हिलाच विचार."

मित्रांनो, मला दोन टोकं आहेत, पण तोंड एकही नाही. त्या क्षणी मला चंद्रप्रकाशचा राग आला. एवढी घासलीस, तर एक जीभही काढायची होतीस!

पंधरा तारखेला सुगंधाचा निरोप आला. उद्या मंडपात वाचण्याआधी पोरीने काय लिहिलंय ते तिला ऐकायचं होतं.

"तिच्या उंबऱ्यात पाय ठेवलास तर बघ," सुलक्षणा म्हणाली.

"आजी, यार, निबंध आहे. फाळणी नाहीये," असं म्हणत निधी मला वहीत खुणेला खुपसून समोर गेली. दुपारचे चार वाजले होते. दोन्ही दारं उघडी होती. सुलक्षणा आपल्या दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. सुगंधा आरामखुर्चीत होती, राजेश तिच्या शेजारी चहा घेत होता.

पुढचं सांगण्याआधी माझं एक मागणं आहे. युद्धाची कल्पना जरूर करा. पण नुसत्या सीमेवर जाऊन परत येऊ नका. मोरीतही डोकावा. तिथे कोणीतरी घाबरून, कोणालातरी प्रेमाने वाचवायला निघालेलं असतं. त्याच्या हातून चूक होते, आणि ती दुसऱ्याच्या माथी जाते. चूक झाली तर त्याच संध्याकाळी बोलून टाका. लोकर एका दुपारी आटते. माणसाला आटायला वेळ लागतो, पण तोही आटतो. आणि जुन्या सुईला नाड्या ओवायला लावू नका. असो.

निधी वाचू लागली.

"पार्सल पहाडात पोचलं. त्यात भाजणी होती, खोबऱ्याच्या वड्या होत्या. मोजे नव्हते. जयवंत आजोबांनी पार्सल उलटं करून झटकलं असेल. सोबत्याला म्हणाले असतील, राहिले असतील गडबडीत. मग त्यांनी ओले मोजे पिळून परत घातले असतील, कारण तारा ओढायला जायचंच होतं."

सुगंधाचे डोळे मिटलेले होते. राजेशने कप खाली ठेवला.

"ते मोजे माझ्या आजीने उकळले होते. सगळे तिला वाईट म्हणतात. पण मी खूप विचार केला. ज्याला पर्वा नसते, तो मोजे पिशवीत कोंबून पाठवून देतो. जिने कडुलिंब घातला, साबण किसला, ती आळशी नव्हती. तिला वाटलं असेल, बाळाचं दुखणं पहाडात जाऊ नये. तिथे त्यांना बघायला कोणी नाही. मोजे आटले तेव्हा तिला किती रडू आलं असेल. म्हणून मला वाटतं, त्या घरात जयवंत आजोबांवर सगळ्यात जास्त माया माझ्या आजीची होती."

"निधी!" पॅसेजच्या पलीकडून सुलक्षणा ओरडली. "मी नाही उकळले! खोड ते सगळं!"

"काकी, पोरगी चांगलं लिहितेय तुमच्याबद्दल," राजेश म्हणाला. "आता तरी गप्प ऐका की."

सुगंधाने डोळे उघडले. "शेवटचं परत वाच."

"त्या घरात जयवंत आजोबांवर सगळ्यात जास्त माया माझ्या आजीची होती."

"कोणाची?"

"आजीची. सुलूआजीची."

आरामखुर्ची करकरली. एक्याऐंशी वर्षांची सुगंधा दोन्ही हातांनी रेटून उभी राहिली. राजेश आधार द्यायला पुढे झाला, तिने त्याचा हात झटकला. चोपन्न वर्षं दोष दुसरीच्या दारात पडून होता, तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं. पण आता पोरीने तिची माया उचलून समोरच्या दारात नेऊन ठेवली होती. ती पॅसेजपलीकडे पाहत राहिली, सरळ सुलक्षणाच्या तोंडाकडे.

"हिची माया?" ती म्हणाली. "ही कोण लागून गेली ह्यांच्या पायांची काळजी करणारी? ढीग विणले असतील! ही रॉकेलच्या रांगेत होती तेव्हा. पोराच्या खपल्या मी बघत होते. पाला मी तोडला. स्टो मी पेटवला. मोजे मी उकळले, निधी. मी. खोड तिचं नाव, आणि माझं लिही."